‘जिणं आमुचं’ फ्रेंचमध्ये गेलं. आपली पोरं कधी जाणार?



मागच्या महिन्यात माण तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या बुद्धविहारात ‘बारावीनंतर काय?’ या विषयावर आम्ही मुलांशी बोलायला गेलो होतो. असे कार्यक्रम आम्ही सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत वर्षभर करत असतो. प्रश्न ठरलेले असतात. पोलीस भरतीला उंची किती लागते, नर्सिंगचा प्रवेश कसा होतो, जात पडताळणीला किती दिवस जातात, स्पर्धा परीक्षेसाठी पुणं गाठावं का. कार्यक्रम संपत आला तेव्हा मागच्या रांगेतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, “मला फ्रेंच शिकायचंय. वरवरचं नाही, डिग्रीला. आपल्यातलं कुणी शिकलंय का?”

विहारात हशा पिकला. एक काका म्हणाले, “बाळ, आधी इंग्रजी तर नीट येऊ दे.” दुसरे म्हणाले, “फ्रान्सला काय आपलं पाव्हणं बसलंय?” खरं सांगायचं तर आम्हीही त्या वेळी “माहिती काढून सांगतो” म्हणून विषय मिटवला. परतीच्या एसटीत मात्र तो हशा कानातून जाईना. त्याच मुलीनं “मला संस्कृत शिकायचंय” म्हटलं असतं, तर आम्ही छाती फुगवून तिला बाबासाहेबांची गोष्ट सांगितली असती. फ्रेंच म्हटल्यावर हसलो. का हसलो? ती भाषा वाईट आहे म्हणून नाही. ती भाषा ‘आपली नाही’, ती मोठ्या घरच्या पोरांची, असं आपणच मनात पक्कं धरून बसलोय म्हणून.

हा लेख म्हणजे त्या मुलीला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे. आणि हसणाऱ्यांनाही आहे. त्यांत आम्हीही आलो.

बाबासाहेब आणि परक्या भाषा

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भीमराव रामजी यांचं नाव दाखल झालं. २०१७ पासून महाराष्ट्र शासन हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळतं. आपण त्या दिवशी शाळेसमोर जमतो, हार घालतो, फोटो काढतो. पण त्या विद्यार्थ्याचं पुढं भाषेच्या बाबतीत काय झालं, याची उजळणी आपण किती करतो?

मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्यांना संस्कृत नाकारलं गेलं. महाराच्या पोरानं देवभाषा शिकायची नाही. त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढं त्यांनी संस्कृत स्वतःच्या कष्टानं मिळवलं आणि ज्यांनी ते नाकारलं त्यांच्याच ग्रंथांची उलटतपासणी घेतली. हे आपल्याला पाठ आहे. यापुढचं मात्र आपण सांगत नाही. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र यांचे ढीगभर अभ्यासक्रम करताना त्यांनी प्राथमिक फ्रेंच आणि प्राथमिक जर्मन हेही एकेक अभ्यासक्रम घेतले. १९२१ साली जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाला त्यांनी अर्ज केला तो जर्मन भाषेत. उतारवयात पालीचा कोश आणि व्याकरण करायला बसले. ज्याला एका भाषेच्या दारातून हाकललं, तो माणूस पुढची प्रत्येक भाषा हत्यार म्हणून गोळा करत गेला.

आणि त्याचा उपयोग काय? ९ मे १९१६ रोजी कोलंबियात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. त्यात त्यांनी एमिल सेनार या फ्रेंच अभ्यासकाची जातीची व्याख्या तपासायला घेतली आणि ती अपुरी ठरवली. सेनारचं पुस्तक फ्रेंचमध्ये १८९६ साली निघालं. त्याचं इंग्रजी भाषांतर झालं १९३० साली. त्याच निबंधात बाबासाहेबांनी जात कशी पसरली हे दाखवायला गाब्रिएल तार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा अनुकरणाचा सिद्धांत वापरला. वरच्यांचं पाहून खालचे आपली दारं बंद करत गेले, हे सूत्र मांडताना पॅरिसचा एक विचारवंत त्यांच्या कामी आला. म्हणजे आपल्या चळवळीच्या पहिल्याच शास्त्रीय लेखात फ्रेंच विचार समोर आहे. एकाला खोडलंय, दुसऱ्याला कामाला लावलंय. परक्याचा विचार कसा वाचायचा, याचा हा वस्तुपाठ आहे.

महाडचंही तसंच. २५ डिसेंबर १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी तुलना केली ती १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रसभेशी. तळ्याच्या पाण्याचा प्रश्न त्यांनी जगाच्या इतिहासात नेऊन बसवला. आणि पुढं ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरच्या भाषणात तितक्याच ठामपणे सांगितलं, की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती आपले गुरू तथागत बुद्ध यांच्याकडून घेतली आहेत. यात विरोध नाही. ज्यानं फ्रान्स वाचलाय, तोच सांगू शकतो की आपण फ्रान्सकडून काय घेतलं आणि काय घेतलं नाही. न वाचता नाकारणं हा अभिमान नसतो, अज्ञान असतं.

त्याच्याही मागं जा. खटाव तालुक्यातलं कटगुण हे महात्मा फुल्यांच्या घराण्याचं मूळ गाव. जोतिरावांना थॉमस पेनच्या ग्रंथानं घडवलं हे आपण सगळे सांगतो. पेनचा तो ग्रंथ १७९१ साली फ्रेंच राज्यक्रांतीची बाजू घेण्यासाठीच लिहिलेला होता. म्हणजे त्या क्रांतीचं वारं इंग्रजीतून फिरून कटगुणकर जोतिबांपर्यंत पोचलं. सातारा आणि फ्रान्स यांचा संबंध ‘पाव्हणं बसलंय का’ इतका दूरचा नाही.

फलटणची बाई, पॅरिसचं पुस्तक

आता खुद्द आपल्या जिल्ह्यातली गोष्ट. फलटणच्या बेबीताई कांबळे. किरकोळ दुकान चालवत, घरच्यांपासून लपवून, वर्षानुवर्षं लिहीत राहिलेली बाई. त्यांचं ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपानं आलं १९८६ साली. इंग्रजीत ते आलं २००८ साली, माया पंडित यांच्या भाषांतरातून. पण फ्रेंचमध्ये? १९९१ साली! इंग्रजीच्या सतरा वर्षं आधी, थेट मराठीतून. दया पवारांच्या ‘बलुतं’चंही तेच. मराठीत १९७८, इंग्रजीत २०१५, आणि फ्रेंचमध्ये त्याच्या किती तरी आधी.

हे काम केलं गी पॉयतवँ यांनी. जन्मानं फ्रेंच, पुण्यात येऊन राहिलेले, भारताचं नागरिकत्व घेतलेले समाजशास्त्रज्ञ. हेमा राईरकर यांच्यासोबत त्यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तो साठा एक लाखाच्या वर गेला. २००४ साली ते गेले. त्यांचे आपल्यावर उपकार आहेत आणि ते मोकळेपणानं मानले पाहिजेत. पुण्यामुंबईतल्या मराठी समीक्षकांना जे वाचायला नको होतं, ते त्यांनी पॅरिसच्या वाचकापुढं ठेवलं.

पण आता त्या फ्रेंच पुस्तकाचं नाव बघा. मराठीत नाव आहे ‘जिणं आमुचं’. फ्रेंच नावाचा अर्थ होतो ‘अस्पृश्य स्त्रीचे बोल’. ‘बलुतं’च्या फ्रेंच नावाचा अर्थ होतो ‘अस्पृश्य म्हणून माझं जीवन’.

मित्रांनो, इथं थांबून विचार करा. बेबीताईंनी स्वतःला ‘अस्पृश्य स्त्री’ म्हटलं नव्हतं. त्यांनी ‘मी’सुद्धा म्हटलं नव्हतं. त्यांनी म्हटलं ‘आमुचं’. मराठीत ‘आपलं’ आणि ‘आमचं’ यांत फरक आहे. ‘आपलं’ म्हटलं की ऐकणारा त्यात येतो. ‘आमचं’ म्हटलं की तो बाहेर उभा राहतो. हे जिणं आमचं होतं, तुमचं नव्हतं, तुम्ही ते बाहेरून बघत होतात, हा टोला त्या एका शब्दात आहे. पॅरिसच्या मुखपृष्ठावर महारवाड्याचं ते ‘आम्ही’ गळालं आणि एक एकटी ‘अस्पृश्य’ बाई उरली. दया पवारांच्या नावात गावगाड्यानं राबवून घेतल्याचा आणि वर मूठभर दाणे टाकल्याचा सगळा हिशेब होता. तो गळाला आणि पुन्हा तेच लेबल आलं.

यात भाषांतरकाराची नियत खोटी होती असं आम्ही म्हणत नाही. पुस्तक तिथं खपायचं तर तिथल्या वाचकाला कळेल असं नाव द्यावं लागतं, असं कुणीही सांगेल. पण प्रश्न असा, की ते नाव ठरलं तेव्हा तिथं आपलं कोण होतं? “हे नाव नको, त्याऐवजी हे द्या” असं फ्रेंचमध्ये सांगू शकणारा एक तरी माणूस फलटणमध्ये, साताऱ्यात, सांगलीत होता का? आज आहे का? त्या पुस्तकात येसकर, गावकी, महारवाडा, पड ओढणं यांचं काय झालं, कुठं अर्थ नेमका बसला आणि कुठं निसटला, हे तपासायला आपल्यातलं कोण बसलंय? तीस वर्षं उलटून गेली. वाटेगावच्या अण्णाभाऊंचं साहित्य रशियनमध्ये गेलं आणि १९६१ साली ते स्वतः रशियाला जाऊन आले, याचा आपण अभिमान बाळगतो. पण तिथल्या वाचकाच्या हातात आपलं नेमकं काय पडलं, हे ती भाषा शिकून बघायला आपण गेलो नाही.

आमचा मुद्दा एवढाच आहे. आपली गोष्ट फ्रेंचमध्ये जाऊन पोचलेली आहे. ती सांगणारे, तिला नाव ठेवणारे, तिच्यावर प्रबंध लिहिणारे तिथं आहेत. फक्त आपण तिथं नाही.

ते आपल्याला वाचतात, आपण त्यांना कधी वाचणार?

समाजशास्त्राच्या एम.ए.ला जातीवरचे सिद्धांत शिकताना आम्हाला लुई द्युमाँ शिकवला गेला. १९६६ साली त्यानं फ्रेंचमध्ये लिहिलं की जातीचा गाभा शुद्ध-अशुद्धाच्या कल्पनेत आहे. वर्गात ते वेदवाक्यासारखं उतरवून घेतलं. त्याच्या आधी, १९०८ साली, सेलेस्तँ बूगले यानं जातीवर लिहिलं होतं. अलीकडं ख्रिस्तोफ जाफ्रलो यांनी बाबासाहेबांवर पुस्तक लिहिलं, तेही आधी फ्रेंचमध्ये. शंभर-सव्वाशे वर्षं फ्रेंच विद्वान आपला अभ्यास करत आलेत. चांगला, वाईट, मध्यम, सगळ्या प्रकारचा. पण आपल्यातल्या किती जणांनी फ्रेंच समाजाचा अभ्यास केला? त्यांच्या शाळा, त्यांचं चर्च, त्यांच्या राजधानीच्या कडेच्या गरीब वस्त्या, त्यांच्याकडचा काळ्या आणि अरब माणसांशी होणारा भेद? अभ्यास करणारे ते आणि अभ्यासाचा विषय आपण, ही वाटणीही एक वर्णव्यवस्थाच आहे.

आपल्याच केंद्र सरकारनं २०२२ साली राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत बदल केला. भारताची संस्कृती, वारसा, इतिहास, समाज या विषयांवर परदेशात शिकायला जाणाऱ्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना ती मिळणार नाही, असं ठरवलं. आपल्यावर बाहेर जाऊन लिहू नका, असा त्याचा सरळ अर्थ. त्याला विरोध झाला, तो व्हायलाच हवा होता आणि यापुढंही करत राहू. पण त्याचबरोबर दुसरी वाटही धरू. आपल्यावर लिहायला बंदी असेल तर त्यांच्यावर लिहू. सातारा-सांगलीच्या वस्तीतली पोरगी फ्रान्सच्या समाजावर प्रबंध लिहील, तेव्हा ज्ञानाची ही एकतर्फी वाहतूक पहिल्यांदा उलटी फिरेल.

आणि फ्रेंच साहित्य म्हणजे राजवाडे, अत्तरं आणि मेणबत्तीच्या उजेडातलं जेवण, असा समज कुणाचा असेल तर तो सोडा. २०२२ चं साहित्याचं नोबेल मिळालेल्या आनी एर्नो यांच्या आईवडिलांचं छोट्या गावात किराणा दुकान आणि चहा-दारूचा ठेला असं मिळून एक दुकान होतं. शिकून मोठी झालेली मुलगी आणि तिच्या भाषेपुढं ओशाळलेला बाप, हे त्यांनी लिहिलं. आपली आत्मकथनं आली तेव्हा “हे साहित्य की तक्रार?” म्हणणारे इथले पंडित त्या नोबेलवर टाळ्या वाजवत होते!

पिएर बोर्द्यू हा टपाल खात्यातल्या साध्या नोकरदाराचा मुलगा, फ्रान्सच्या दूरच्या कोपऱ्यातल्या खेड्यातला. १९६४ साली त्यानं पासरों याच्या सोबत दाखवून दिलं, की विद्यापीठात ज्याला ‘हुशारी’ म्हणतात ती पुष्कळदा घरातून मिळालेला वारसा असते. ज्या घरात पुस्तकं, नाटकं, नीटनेटकी भाषा आधीपासून असते, तिथली मुलं शाळेत आपोआप ‘गुणवान’ ठरतात. याला तो सांस्कृतिक भांडवल म्हणतो. हे आम्ही शिकलो ते झेरॉक्सच्या दुकानातल्या तिसऱ्या हाताच्या नोट्समधून. आणि गंमत बघा, आपली पोरं फ्रेंच का घेत नाहीत, याचं उत्तर एका फ्रेंच माणसानंच देऊन ठेवलंय.

एकाच जिल्ह्यातले दोन जिल्हे

कारण दार कुठं बंद आहे ते आपल्या जिल्ह्यातच दिसतं. पाचगणीला मोठ्या फीच्या निवासी शाळा आहेत. तिथं बाहेरगावची मुलं लहानपणापासून फ्रेंच शिकतात. घाट उतरून माण-खटावला, किंवा सांगली जिल्ह्यात जत-आटपाडीला या. आम्ही ज्या शाळा-कॉलेजांत जातो तिथं पर्याय असतात मराठी, हिंदी, इंग्रजी आणि कुठं कुठं संस्कृत. पुण्यामुंबईच्या नामांकित कॉलेजांत अकरावी-बारावीला फ्रेंच, जर्मन घेतात ती मार्क चांगले पडतात म्हणून. टक्केवारी वाढते, पुढचा प्रवेश सोपा होतो. म्हणजे ही भाषा त्यांना विचार तर देतेच, वर मार्कही देते. आपल्या पोराला तो पर्याय असतो हेच माहीत नसतं. आज कुणी वर्गाबाहेर बसवत नाही. विषयच तालुक्यात येत नाही. नकाराची तऱ्हा बदलली, नकार तसाच आहे.

आम्ही स्वतः एका कॉलेजात विचारायला गेलो होतो, फ्रेंचचा प्रमाणपत्र वर्ग सुरू करता येईल का म्हणून. उत्तर मिळालं, “तुमच्या मुलांना ते झेपणार नाही.” ‘तुमच्या मुलांना’ म्हणजे कुणाला, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हाला ते सांगायची गरज नव्हती.

झेपत नाही हे खोटं आहे. उलट इंग्रजीपेक्षा इथं आपली सुरुवात बरोबरीची होते. इंग्रजीत कॉन्व्हेंटचं मूल आपल्यापुढं दहा वर्षं धावलेलं असतं. दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, हैदराबादचं इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ इथं फ्रेंचची बी.ए. पहिल्या अक्षरापासून शिकवतात, आधीची फ्रेंच यावी लागत नाही. आणि मराठी येणाऱ्याला काही गोष्टी आयत्या मिळतात. फ्रेंचमध्ये निर्जीव वस्तूंनाही लिंग असतं. आपल्याकडं ‘तो दगड, ती भिंत’ असतंच. त्यांच्याकडं ‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळं; आपल्याकडंही. इंग्रजीवाल्याला या दोन्ही गोष्टी घोकाव्या लागतात. नाकातले उच्चार आपल्याला जड जात नाहीत. आणि फ्रेंच माणूस ऐंशीला काय म्हणतो माहितेय? ‘चार विसा’! आपली आजी कोंबड्यांची अंडी मोजताना हेच म्हणायची. तेव्हा आपण तिला अडाणी म्हणत होतो.

हे सगळं असलं तरी फसवायचं नाही. भाषा शिकायला चार-पाच वर्षं घासावी लागतात. परीक्षा ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्यांच्या असतात आणि चौथ्या पायरीला, म्हणजे बी-२ ला पोचल्याशिवाय फ्रान्सच्या फ्रेंच माध्यमाच्या विद्यापीठात साधारणपणे निभाव लागत नाही. नुसती पहिली-दुसरी पायरी करून नोकरी मागायला गेलात तर कुणी उभं करणार नाही. पदवीचा अभ्यासही नुसता ‘बोलायला शिका’ असा नसतो. व्याकरण, उच्चारशास्त्र, भाषांतर, फ्रान्सचा इतिहास, मोलियेरपासून आजपर्यंतचं साहित्य, आणि फ्रान्सबाहेर आफ्रिका-कॅरिबियनमधलं फ्रेंच साहित्य, असा तो पट असतो. तो पुरा केला तर शाळांत शिक्षक, पुण्याच्या कंपन्यांत भाषांतर आणि ग्राहकसेवा, पर्यटन, दूतावास, संशोधन असे रस्ते निघतात.

‘ही तर साम्राज्यवाद्यांची भाषा!’

आपल्यातले काही अभ्यासू मित्र विचारतील, की फ्रान्सनंही लोकांना गुलाम केलंच ना? केलं. मानवी हक्कांचा जाहीरनामा १७८९ चा, पण त्यात बायका नव्हत्या. बायकांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिणाऱ्या ओलँप द गूज या बाईला १७९३ साली गिलोटिनखाली मारलं. हैतीच्या गुलामांनी १७९१ साली बंड केलं, तोच समतेचा जाहीरनामा फ्रान्सच्या तोंडावर फेकला आणि १ जानेवारी १८०४ ला स्वतंत्र झाले. मग १८२५ साली फ्रान्सनं त्यांच्याकडूनच १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली. गुलामांनी स्वतःच्या सुटकेचे पैसे मालकाला द्यायचे! क्रांती झाली तरी समता आली नाही, हे बाबासाहेबांनीही नोंदवून ठेवलंय.

पण हे सगळं आपल्याला सांगितलं कुणी? त्याच भाषेत लिहिणाऱ्या काळ्या माणसांनी. मार्टिनिकचा एमे सेझेर, तिथलाच मानसोपचारतज्ज्ञ फ्रँट्झ फॅनन, सेनेगलची मारियामा बा. फॅननच्या १९५२ च्या पुस्तकाचं पहिलं प्रकरणच भाषेवर आहे. मालकाची भाषा मालकासारखी बोलू लागलेला काळा माणूस स्वतःला थोडा गोरा समजू लागतो, हा त्याचा इशारा. ‘शुद्ध’ मराठी बोलू लागल्यावर वस्तीतल्या आईच्या बोलीची लाज वाटणाऱ्या आपल्या पोरांना तो इशारा लागू नाही का? १९७२ साली दलित पँथरनं अमेरिकेतल्या काळ्या माणसाशी नातं जोडलं, कारण मधे इंग्रजी होती. हैती, सेनेगल, अल्जेरियाशी ते नातं तितकं जुळलं नाही, कारण मधली भाषा आपल्याकडं नव्हती. फ्रेंच ही पॅरिसच्या गोऱ्यांची भाषा आहे, तशी ती लाथाडलेल्या लाखो माणसांचीही आहे.

मग करायचं काय?

एक. पालकांनो, मुलीनं वेगळा विषय मागितला तर हसू नका. आधी चौकशी करा. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधल्या परकीय भाषा विभागात फ्रेंच प्रमाणपत्रापासून एम.ए. पर्यंत शिकता येतं. मुंबई विद्यापीठात फ्रेंचचा विभाग आहे. दिल्ली-हैदराबादचं वर सांगितलंच.

दोन. शिवाजी विद्यापीठाच्या छत्राखालच्या आपल्या तालुका कॉलेजांकडं फ्रेंचच्या वर्गाची लेखी मागणी करा. एका विद्यार्थ्याचा अर्ज टोपलीत जातो, चाळीस सह्यांचा जात नाही. जत किंवा दहिवडीहून कुणी रोज पुण्याला जाऊ शकत नाही. वर्ग तालुक्यात आला पाहिजे. कर्मवीर भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांचं वसतिगृह काढलं, ते पोरांना शिक्षणापर्यंत आणण्यासाठीच.

तीन. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या वर्षाला ७५ जागा आहेत. आपली मुलं बहुतेक इंग्लंड-अमेरिकेकडंच बघतात. फ्रान्सनं २०१९ मध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी विद्यापीठांची फी वाढवली, तेव्हाही ती पदवीला वर्षाला २,७७० आणि पदव्युत्तरला ३,७७० युरो ठरली. इंग्लंडच्या फीपुढं ती किरकोळ आहे. २०२४ च्या जानेवारीत फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी २०३० पर्यंत ३०,००० भारतीय विद्यार्थी घेण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं. त्या तीस हजारांत आपले किती असतील, हे आजच्या अकरावीच्या वर्गात ठरतंय.

चार. जयंतीच्या वर्गणीतून एका रात्रीच्या डीजेला जेवढे पैसे जातात, तेवढ्यात एका मुलीच्या भाषेच्या परीक्षेची फी आणि पुस्तकं होतील. प्रत्येक तालुक्यानं दरवर्षी एक मुलगा किंवा मुलगी परकीय भाषेसाठी दत्तक घ्यावी. आणि शिकणाऱ्यानं परतफेड म्हणून दरवर्षी काही पानं मराठीत आणून द्यावीत. हैतीचा इतिहास, फॅनन, सेझेर थेट फ्रेंचमधून मराठीत आणणारी माणसं आपल्या वस्तीतली का असू नयेत? शिकून समाजाला विसरणाऱ्यांविषयी बाबासाहेबांनी १९५६ साली आग्र्यात काय दुःख व्यक्त केलं, हे शिकणाऱ्यानं ध्यानात ठेवावं.

त्या मुलीला आम्ही परत जाऊन भेटलो. सोबत एक जुनं फ्रेंच प्रवेशिकेचं पुस्तक आणि बेबीताईंचं ‘जिणं आमुचं’ नेलं. तिला म्हणालो, “आपल्यातलं कुणी शिकलंय का, असं तू विचारलं होतंस. आम्हाला कुणी ठाऊक नाही. तू शीक. आणि कधी तरी या पुस्तकाचं फ्रेंच नाव नव्यानं लिहायची वेळ आली, तर त्या टेबलावर आपल्याकडून तू बस.” तिनं दोन्ही पुस्तकं घेतली. हसणारे काका बाजूलाच उभे होते. त्यांनी विचारलं, “पुण्याचा फॉर्म कधी सुटतो?”

जय भीम! नमो बुद्धाय!